मंत्र सर्वांचा, अधिकार कोणाचा?

श्रावणातली पौर्णिमा एकच. पण महाराष्ट्रात तिची नावे तीन. कोळीवाड्यांत ती नारळी पौर्णिमा, दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याचा दिवस. घरोघरी ती राखी पौर्णिमा. आणि ज्यांच्या गळ्यात जानवे आहे त्यांच्या घरी ती श्रावणी. पहिल्या दोन नावांचा गाजावाजा मोठा. तिसरे नाव आता पंचांगात आणि मंगल कार्यालयांच्या फळ्यांवर उरले आहे. सामुदायिक श्रावणी अमुक वाजता आहे, येताना ताम्हन-पळी घेऊन यावे, अशा अर्थाच्या पाट्या पुण्या-सांगलीत आणि ठाण्या-डोंबिवलीत दर वर्षी लागतात. तास-दोन तासांत कार्यक्रम आटोपतो आणि मंडळी कचेरीच्या वाटेला लागतात.

श्रावणी म्हणजे जुने जानवे काढून नवे घालणे, एवढाच आज बहुतेकांचा समज आहे. मुळात हे उपाकर्म आहे, म्हणजे वेदाध्ययनाच्या सत्राचा विधिपूर्वक आरंभ. यजुर्वेदी तो पौर्णिमेला करतात, ऋग्वेदी श्रवण नक्षत्र धरून करतात, त्यामुळे कधी कधी दिवस मागे-पुढे होतो. पंचगव्य घ्यायचे, ऋषींचे स्मरण आणि तर्पण करायचे, सातूचे पीठ चिमूटभर तोंडात टाकायचे, नवे यज्ञोपवीत घालायचे आणि गायत्रीचा जप करायचा. दक्षिणेत दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एक हजार आठ वेळा गायत्री जपण्याची वेगळी प्रथाच आहे. भारत सरकारनेही १९६९ सालापासून संस्कृत दिनासाठी हीच पौर्णिमा निवडली, ती याच कारणाने. मंत्रांचे वर्ष या दिवशी सुरू होते.

ज्या दिवशी मंत्रांचे वर्ष सुरू होते, त्या दिवशी मंत्र म्हणायचा कोणी, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये. हा प्रश्न फार जुना, आता निकालात निघालेला, असे अनेकांना वाटते. शहरातल्या सुशिक्षित घरांत तर तो विचारणेही असभ्यपणाचे समजले जाते. पण प्रश्न न विचारल्याने सुटत नाही, तो नुसता दिसेनासा होतो आणि मग अवचित एखाद्या दिवशी वर येतो.

२०२३ च्या मार्च महिन्यात तो तसा वर आला. राजर्षी शाहू महाराजांच्या घराण्यातील संयोगिताराजे छत्रपती यांनी रामनवमीच्या दिवशी जाहीरपणे लिहिले, की नाशिकच्या काळाराम मंदिरात त्यांच्या पूजेच्या वेळी वेदोक्त मंत्रांना आक्षेप घेऊन पुराणोक्त मंत्र म्हणण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी त्याला विरोध केला आणि महामृत्युंजय मंत्राचा जप स्वतः केला. पुजाऱ्यांच्या बाजूने खुलासे झाले, राजकीय पक्षांची पत्रके निघाली, चार दिवस वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि नेहमीप्रमाणे सारे शांत झाले. त्या दिवशी गाभाऱ्यात नेमके कोण काय बोलले, याचा निवाडा मी येथे करणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. वेदोक्त आणि पुराणोक्त हे दोन शब्द उच्चारताच महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही. सव्वाशे वर्षांनंतरही हे शब्द जिवंत आहेत, याचाच अर्थ त्यांच्या मागची व्यवस्थाही कोठे तरी श्वास घेते आहे.

स्थळाचा योगायोगही नजरेआड करण्याजोगा नाही. याच काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत रेंगाळला. दार काही उघडले नाही. पुढे स्वातंत्र्य आले, घटना आली, मंदिरप्रवेशाचे कायदे झाले आणि दार उघडले. दारातून आत गेलेल्या माणसाला पुढचा अडसर दिसला तो लाकडाचा नव्हता, शब्दांचा होता.

पंचगंगेच्या पाण्यातला वाद

वेदोक्त प्रकरणाची कथा शाळकरी पुस्तकांतून सर्वांनी वाचलेली असते, तरी तिचा तपशील पुन्हा पाहण्यासारखा आहे. १८९९ सालच्या कार्तिक महिन्यात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. सोबत मुंबईहून आलेले राजारामशास्त्री भागवत होते. स्नानाच्या वेळी पुरोहित म्हणत होता ते मंत्र वेदातले नसून पुराणातले आहेत, हे शास्त्रीबुवांच्या कानाने टिपले आणि त्यांनी ते महाराजांच्या नजरेस आणले. विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळाले, की शूद्रांना पुराणोक्तच सांगायचे असते. गादीवर बसलेला राजा, शिवछत्रपतींचा वारस, आणि त्याच्याच पैशावर पोसलेला पुरोहित त्याला हे सांगत होता. चूक दाखवून देणारे भागवतही ब्राह्मणच होते, हेही विसरू नये. हा वाद ब्राह्मण विरुद्ध मराठा असा सरळ उभा करणाऱ्यांना ही गोष्ट नेहमीच अडचणीची वाटत आली आहे.

नव्या वाचकाला वाटेल, की एवढे रण माजवण्यासारखा या दोन पद्धतींत फरक तरी काय? पाणी तेच, दर्भ तोच, अक्षता त्याच आणि दक्षिणाही तीच. फरक असतो तो शब्दांत. षोडशोपचार पूजेचे उदाहरण घ्या. वेदोक्त पद्धतीत आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंतच्या सोळा उपचारांना ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा क्रमाने म्हणतात. पुराणोक्त पद्धतीत त्याच उपचारांना पुराणांतले श्लोक म्हणतात. देवाला पाणी दोन्हीकडे तेवढेच मिळते. पण ऐकणाऱ्या यजमानाला त्याची जागा कळते. जिच्या अंगाने ही सारी प्रतवारी झाली ते पुरुषसूक्तच विराटपुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र निर्माण झाल्याचे सांगते. म्हणजे ज्या सूक्तात समाजाची उतरंड सांगितली आहे, ते सूक्त ऐकण्याचा हक्कही त्या उतरंडीनेच ठरायचा!

पंचगंगेच्या काठी सुरू झालेला हा वाद टोकाला गेला तो श्रावणीच्या निमित्ताने. १९०१ साली राजवाड्यातली श्रावणी वेदोक्त पद्धतीने करण्याचे ठरले. राजोपाध्ये तयार होईनात. तेव्हा नारायण भट्ट सेवेकरी यांनी ती केली आणि स्वजातीयांचा बहिष्कार ओढवून घेतला. पुण्यात 'केसरी'ने याच वर्षी 'वेदोक्ताचे खूळ' या मथळ्याखाली महाराजांच्या भूमिकेचा समाचार घेतला. वेदोक्त मंत्र म्हटल्याने मराठ्यांची योग्यता काही वाढणार नाही, असा लोकमान्य टिळकांच्या म्हणण्याचा रोख होता. टिळकांविषयी पूर्ण आदर ठेवून विचारावेसे वाटते, की वेदोक्ताने काहीच अधिक मिळत नसेल, तर ते न देण्याचा हट्ट तरी कशासाठी? ज्याच्यामुळे काही फरक पडत नाही, ती गोष्ट राखण्यासाठी माणसे इतकी लढत नाहीत.

१९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन जप्त झाले. त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. या दोन घटनांमधले अंतर कॅलेंडरवर काही आठवड्यांचे आहे. विचारांच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. वेदोक्ताची मागणी ही मुळात 'आम्ही क्षत्रिय आहोत' अशी मागणी होती. उतरंड तशीच ठेवून तीत वरची पायरी मागणे, एवढाच तिचा अर्थ होता. राखीव जागांचा हुकूम हा उतरंडीवरच हात टाकणारा होता. शाहू महाराजांचा मोठेपणा असा, की ते पहिल्या मागणीपाशी थांबले नाहीत. घाटावर झालेला स्वतःचा अपमान त्यांना इतरांच्या अपमानापर्यंत घेऊन गेला. पुढे १९१३ मध्ये सत्यशोधक पुरोहित तयार करणारी शाळा आणि १९२० मध्ये मराठा पुरोहितांसाठी वैदिक विद्यालय त्यांनी कोल्हापुरात काढले. क्षात्रजगद्गुरूचे पीठही त्याच वर्षीचे.

हा वाद एका राजाचा आणि एका शहराचा नव्हता. खुद्द शिवाजी महाराजांना १६७४ साली राज्याभिषेकापूर्वी मुंज करून घ्यावी लागली आणि त्यासाठी गागाभट्टांना काशीहून यावे लागले. पेशवाईत आणि पुढे साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या अमदानीत प्रभूंच्या वेदोक्ताधिकारावरून ग्रामण्ये झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी कोल्हापूरच्या आधीच राजवाड्यात वेदोक्त सुरू केले होते आणि १९१५ साली त्यांनी पुरोहितांना परीक्षा सक्तीची करणारा कायदाच केला. पुरोहिताची लायकी जन्मावरून नव्हे, परीक्षेवरून ठरवायची, हा विचार इतक्या लवकर कायद्याच्या भाषेत आला. आज त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

'अधिकार' या शब्दाचे दोन अर्थ

या साऱ्या वादात सर्वाधिक वापरला गेलेला शब्द म्हणजे 'अधिकार'. माझ्या मते सगळा घोटाळा या एका शब्दात आहे. शास्त्रकारांच्या परिभाषेत अधिकार म्हणजे पात्रता, एखादे कर्म करण्याची योग्यता. आजच्या मराठीत अधिकार म्हणजे हक्क किंवा सत्ता. वादात एक पक्ष पहिल्या अर्थाने बोलतो आणि दुसरा दुसऱ्या. पण पहिल्या अर्थाने बोलणाऱ्यांनीही पात्रतेचा निकष कधी अभ्यासावर ठेवला नाही, तो जन्मावर ठेवला. जन्मभर गायत्रीपलीकडे एक अक्षर न शिकलेल्याला अधिकार आहे आणि शिकण्याची तळमळ असलेल्याला नाही, ही पात्रतेची कोणती व्याख्या झाली?

बरे, शास्त्राची साक्ष काढावी तर तीही एका सुरात मिळत नाही. गायत्री मंत्र ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला. त्याचे द्रष्टे विश्वामित्र. आणि परंपरा त्यांना जन्माने क्षत्रिय मानते. म्हणजे ब्राह्मणाला श्रावणीला जो मंत्र जपायचा, तो त्याला एका क्षत्रियाने दिलेला आहे. घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा या स्त्रियांच्या नावावर ऋग्वेदात सूक्ते किंवा ऋचा आहेत. प्राचीन काळी काही स्त्रियांचे उपनयन होऊन त्या वेद शिकत, हे हारीताच्या वचनाच्या आधारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीच दाखवून दिले आहे. त्याच शास्त्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतण्याची शिक्षा सांगणारे गौतमही आहेत. दोन्ही वचने आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. कोणते वचन प्रमाण मानायचे, हे निवडणारी माणसेच असतात, आणि निवडीची जबाबदारी ऋषींवर ढकलता येत नाही.

मराठी संतांनी ही कोंडी वेगळ्या रीतीने फोडली. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायात वेदाला कृपणतेचा दोष दिला, कारण तो तीनच वर्णांशी बोलतो. गीतेने ती उणीव भरून काढली, असे ते म्हणतात. वारकऱ्यांनी तर मंत्राची जागाच नामाला दिली. नामाला मुंज लागत नाही, मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही आणि मध्यस्थ तर मुळीच लागत नाही. सातशे वर्षे या भूमीतल्या बहुसंख्य माणसांनी वेदमंत्रावाचून देव गाठला. त्यामुळे वेदमंत्र मिळाला नाही म्हणून बहुजन समाज धर्माला मुकला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मुकला तो मानाला. प्रश्न पहिल्यापासून मोक्षाचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता.

येथे वैदिक परंपरेच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. वेदपठण ही अतिशय कष्टाची विद्या आहे. संहिता, पद, क्रम, जटा, घन असे पाठ, उदात्त-अनुदात्त-स्वरित यांची शिस्त, आणि हे सारे पुस्तकावाचून, गुरूच्या तोंडून ऐकून. 'युनेस्को'ने २००३ साली या मौखिक परंपरेला मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून गौरवले, ते उगीच नव्हे. दहा-बारा वर्षे घासून घनपाठी झालेल्या माणसाचा संताप मी समजू शकतो, जेव्हा कोणी ध्वनिफितीवरून चार मंत्र पाठ करून त्याच्या पंगतीला बसतो. पण त्याने हेही पाहावे, की ज्या विद्येला आज विद्यार्थी मिळेनासे झाले आहेत, तिने समाजाच्या फार मोठ्या भागाला शतकानुशतके दाराबाहेर उभे केले होते. निम्मा समाज तर स्त्री म्हणूनच वगळला. विद्येचे रक्षण करायचे म्हणून जे कुंपण घातले, त्या कुंपणानेच विद्या सुकत गेली.

डब्यातली गायत्री

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मंत्र सर्वत्र पोहोचला, तो कोणाच्या परवानगीने नव्हे. तो बाजाराने पोहोचवला. आधी कॅसेटी आल्या, मग सीडी आल्या, मग देवघरात ठेवायची प्लॅस्टिकची डबी आली. तिची पिन भिंतीत खोचली की गायत्री अष्टौप्रहर चालू. आता मोबाइलच्या घंटीतही महामृत्युंजय वाजतो. किराणा दुकानात, रिक्षात, सलूनमध्ये, इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या हातात तो मंत्र आहे. त्यातल्या कोणालाही कोणी जात विचारत नाही. ज्या अक्षरांसाठी कोल्हापुरात वतने गेली, ती अक्षरे आज काही रुपयांना मिळतात. बाजाराला सोवळे नसते, हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. आर्य समाजाने १८७५ साली मुंबईत स्थापना होताना जो वेद सर्वांना खुला म्हटला, गायत्री परिवाराने उत्तर भारतात जो मंत्र जातपात न पाहता दिला, त्यामागे निदान एक विचार होता. डबीमागे फक्त विक्री आहे.

बाजाराच्या पलीकडेही काही खरे बदल झाले आणि त्यांत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. नगर जिल्ह्यातल्या साकुरीला उपासनीबाबांच्या कन्याकुमारी स्थानात स्त्रियांनी वेदपठण आणि यज्ञ स्वतः करण्याची परंपरा रुजली. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचा उद्योग आरंभला तेव्हा त्यांची थट्टा झाली. आज स्त्री-पुरोहित वास्तुशांतीला आल्या तर पुण्यात कोणी मान वळवून पाहत नाही. ज्ञानप्रबोधिनीने संस्कारांच्या पोथ्या सोप्या केल्या, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगण्याचा प्रघात पाडला आणि पौरोहित्य शिकवताना स्त्री-पुरुष वा जात असा भेद ठेवला नाही. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो स्त्रिया अथर्वशीर्ष म्हणतात. अथर्वशीर्ष हे उपनिषद आहे, म्हणजे श्रुतीच. रस्त्यावर बसलेल्या त्या स्त्रियांत कोणाची जात कोणती, हे आयोजकांनाही ठाऊक नसते.

मग प्रश्न उरला कोठे? तो उरला आहे पाटावर. मंत्र ऐकायचा, गुणगुणायचा, सामुदायिक पठणात मिसळायचा, याला आता कोणाची हरकत नाही. हरकत येते ती मंत्राला विधीचे बळ मिळते त्या ठिकाणी: मंदिराच्या गाभाऱ्यात, लग्नाच्या बोहल्यावर, तीर्थक्षेत्राच्या घाटावर. तेथे बसून मंत्र सांगणारा कोण, आणि तो समोरच्याला कोणता मंत्र सांगणार, हे आजही बहुतेक ठिकाणी जन्माने ठरते. संकल्पात गोत्र विचारले जाते आणि उत्तरावरून अनुभवी पुरोहित मनातल्या मनात पोथीचे पान ठरवतो. सगळेच असे करतात, असे मी म्हणत नाही. पण तसे करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, कारण यजमानाला फरकच कळत नाही. पंचगंगेवर राजारामशास्त्री होते. प्रत्येक यजमानाच्या शेजारी तसे शास्त्री नसतात.

न्यायालये आणि सरकारे

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितले, की पुजाऱ्याची नेमणूक ही धर्मनिरपेक्ष बाब आहे आणि वंशपरंपरेचा हक्क सरकार रद्द करू शकते. मात्र आगमांनी ठरवलेल्या पंथाचा प्रश्न न्यायालयाने तेव्हा राखून ठेवला. २००२ मध्ये केरळातल्या एका शिवमंदिराच्या खटल्यात ते आणखी पुढे गेले. पूजाविधीचे योग्य शिक्षण घेतलेला माणूस जन्माने ब्राह्मण नाही एवढ्यावरून त्याची नेमणूक बेकायदा ठरत नाही, आणि माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या रूढीला घटनेचे संरक्षण नाही, असा तो निकाल होता. त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०१७ मध्ये परीक्षा घेऊन ब्राह्मणेतर पुजारी निवडले आणि त्यांत दलितही होते. तमिळनाडू सरकारने २०२१ च्या ऑगस्टमध्ये वेगवेगळ्या जातींच्या प्रशिक्षित अर्चकांना नेमणूकपत्रे दिली.

महाराष्ट्राने काय केले? पंढरपुरात १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे हक्क काढून घेतले, पण प्रकरण न्यायालयात अडकले. अंतिम निकाल लागायला २०१४ चा जानेवारी उजाडावा लागला. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. कोल्हापुरात अंबाबाईच्या पोशाखावरून २०१७ साली आंदोलन पेटले आणि २०१८ मध्ये विधिमंडळाने पगारी पुजाऱ्यांचा कायदा संमत केला. दोन्ही ठिकाणी वाद मुख्यतः उत्पन्नाचा आणि वहिवाटीचा होता. पुजाऱ्याने काय शिकलेले असावे, कोठे शिकावे, कोणी परीक्षा घ्यावी, या मूळ प्रश्नाला आपण क्वचितच हात घातला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील त्यांच्या न झालेल्या भाषणात, याचा नेमका आराखडा मांडला होता. पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये, हिंदू म्हणवणाऱ्या कोणालाही ते खुले असावे, त्यासाठी सरकारी परीक्षा असावी आणि सनदेवाचून कोणी पौरोहित्य करू नये. नंतर त्यांनी हिंदू धर्मच सोडला. पण त्यांचा आराखडा तेथेच पडून आहे आणि अजून त्याहून अधिक व्यवहार्य असे कोणी काही सुचवलेले माझ्या वाचनात नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. श्रद्धावंत म्हणतात, धर्माच्या आतल्या गोष्टीत सरकार कशाला? आक्षेप रास्त आहे. सरकारने मंत्र ठरवू नयेत. ज्या विधीत जे म्हणायचे ते परंपरेने ठरवावे. पण ज्या मंदिरांचा कारभार सरकारच्या कायद्याने चालतो, त्यांतल्या नेमणुका जन्मावर चालू देणे म्हणजे सरकारने जातीला सही-शिक्का देणे होय. ढवळाढवळ नको असेल तर ती दोन्ही बाजूंनी नको.

दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा. मंत्र म्हणून काही होत नाही, मग तो म्हणण्याच्या हक्कासाठी भांडायचे कशाला? महात्मा फुल्यांनी हाच मार्ग दाखवला होता. १८७३ साली सत्यशोधक समाजाने भटावाचून लग्ने लावली आणि मंगलाष्टके मराठीत रचली. १९५६ नंतर लाखो कुटुंबांनी तर प्रश्नच मागे टाकला. वैशाखी पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात त्रिशरण-पंचशील म्हणताना आजीबाईपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांचे आवाज एकत्र मिसळतात, आणि तुला हे म्हणण्याचा अधिकार आहे का, असे कोणी कोणाला विचारत नाही. पौर्णिमेच्या पठणाची ती रीत श्रावणीने डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखी आहे. हा मार्ग ज्यांना पटला, ते खरोखर मोकळे झाले. पण ज्यांना आपल्या धर्मात राहायचे आहे, घरच्या पूजेत, आईबापांच्या श्राद्धात, मुलीच्या लग्नात ज्यांचे मन गुंतलेले आहे, त्यांना 'सोडून द्या' एवढेच सांगणे हे उत्तर होत नाही. ते बहुसंख्य आहेत. त्यांना त्यांच्याच देवघरात दुय्यम ठरवले जाऊ नये, ही अपेक्षा अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, न्याय्य नाही.

म्हणून मला वाटते, की वादाची भाषा बदलली पाहिजे. 'आम्हालाही वेदोक्त' ही मागणी एका जातीची असते तोवर तिला फक्त एक पायरी वर चढायची असते. आज 'छत्रपतींच्या घराण्याला पुराणोक्त?' असा संताप जेव्हा व्यक्त होतो, तेव्हा त्या संतापातही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की दुसऱ्या कोणाला पुराणोक्त सांगितले असते तर चालले असते. परीट, न्हावी, चांभार, घिसाडी यांच्या घरच्या पूजेत कोणते मंत्र म्हटले गेले, यावर कोणी पत्रक काढत नाही. शाहू महाराज जेथून पुढे गेले, तेथेच आपण पुन्हा पुन्हा परत येतो.

करता येण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते अवघडही नाही. कायद्याने चालणाऱ्या देवस्थानांनी पुजाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवावी आणि ती स्त्री-पुरुष सर्वांना खुली ठेवावी. वेदपाठशाळांनी विद्यार्थी घेताना मुलाची जीभ आणि चिकाटी पाहावी, आडनाव पाहू नये. सरकारी अनुदान घेणाऱ्या पाठशाळांना तर ही अट घातलीच पाहिजे. पुरोहितांनी एकच पोथी सर्वांसाठी उघडावी आणि म्हटलेल्या मंत्राचा अर्थ यजमानाच्या भाषेत सांगावा. अर्थ सांगितला की दुजाभाव करणे आपोआप अवघड होते. आणि यजमानांनीही एवढे करावे, की दक्षिणा देण्यापूर्वी 'गुरुजी, आता म्हटलेत ते मंत्र कोठले?' असे नम्रपणे विचारावे. राजारामशास्त्र्यांनी त्या दिवशी कान उघडे ठेवण्याखेरीज दुसरे काही केले नव्हते.

गायत्रीत उपासक बुद्धीला प्रेरणा मागतो, धन नाही, पुत्र नाही, राज्य नाही. तिचा ऋषी तपाच्या बळावर ब्रह्मर्षी झाला, असे पुराणे सांगतात. आणि त्याला ती पदवी शेवटी ज्यांनी मान्य केली, ते वसिष्ठ महामृत्युंजय मंत्राचे द्रष्टे. पात्रता कमावता येते आणि दुसऱ्याने कमावलेली पात्रता मोठ्या मनाने मान्यही करता येते, हे या कथेत आहे. मंत्राचा अधिकार शिकण्याने येतो, असे एकदा मानले की समाजाकडे एकच काम उरते, शिकायला बसू देणे. तेवढे काम आपण अजून पुरते केलेले नाही.